खळ वाळायच्या आत

आणि अप्पा, दादा म्हणतो ते मला मुळीच पटलेलं नाही. तो म्हणतो, "अप्पा असते तर त्यांनीबी हेच केलं असतं." म्हणजे झालं. या घरात कुठलीही गोष्ट गळी उतरवायची असली की तुमचं नाव घ्यायचं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या मागाची लाकडं बदलून झाली, गल्लीच्या टोकापर्यंत मिलच्या चाळी आल्या, पण घरात अजून तुमचंच चालतं. सूत महागलं, अप्पा असते तर. पोराला ताप आला, अप्पा असते तर. आणि आता पोरीला दुधनीला धाडायचं, तर तेही अप्पा असते तर. मग म्हटलं, तुमच्याशीच बोलावं. दादाशी बोलून उपयोग नाही, तो तुमचंच तोंड लावून बोलतो.

पोरगी म्हणजे दादाची थोरली. तुम्ही तिला बघितलंय, पण पाळण्यात. आता ती बारा-तेरा वर्षांची आहे. तिची आई, आपली वहिनी, या उन्हाळ्यात बाळंतपणात गेली. बाळही गेलं. तेव्हापासून पोरगी कुणाला आवरत नाही. ताट ढकलून देते. धाकट्या भावाला चावते. कांड्यांवर सूत भरायला बसवली तर भरलेल्या कांड्यांचं सूत मुद्दाम एकमेकांत गुंतवून ठेवते आणि वर आपणच विचारते, "हे कुणी केलं?" शाळेत तिनं मास्तरांच्या अंगावर पाटी टाकली. झालं, घरात सगळ्यांचं ठरलं की पोरगी उद्धट निघाली. दुधनीहून आत्या, तुमची बहीण, आली, तिनं दोन दिवस हे सगळं बघितलं आणि म्हणाली, "हिला मी संगट नेते. तितं चार माणसांची धुणी अंगावर पडली की आपसूक गार हुईल. आन् वरसाच्या आत एखादं घर बघून उजवून टाकू." दादा म्हणाला, "व्हय." एवढंच. शाळा सुटली, घर सुटलं, वर्षात लग्न. कशाबद्दल, तर पोरगी चिडते.

मी म्हटलं, "आत्या, ती चिडकी नाही. तिला दुःख झालंय." आत्या माझ्याकडं बघून हसली. "दुःख झाल्यालं माणूस रडतंय रं बाबा. ही चावतीया." माझं डोकंच फिरलं. रडू कुणी दिलं तिला? तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या हातात आईचा कांड्या भरायचा रहाट दिला, की आता हे तुझं. आणि तिनं एक दिवस तरी गप बसून रडावं म्हणून कुणी तिला जागा दिली? अप्पा, तुम्ही सुताला कधी उद्धट म्हणाला नाहीत. धागा तुटला तर सुतावरची पेजेची खळ घट्ट झाली का बघायचात, वारं कोरडं आहे का बघायचात, सूतच कच्चं आलंय का म्हणून बोटांवर ओढून बघायचात. धाग्याचं एवढं ऐकून घेणारी माणसं पोरांच्या बाबतीत एकदम बहिरी कशी होतात, हे मला खरंच कळत नाही.

आणि हे मी नुसतं पुस्तकातलं बोलत नाही. मला एक दिवस आठवतो. तुम्हाला तो आठवत नसणार, म्हणून सांगतो.

आई जाऊन सुतक फिटलं आणि पहिल्यांदाच ताण्याला, मागावर चढवायच्या उभ्या सुताला, खळ द्यायचा दिवस आला. मी आठ-नऊ वर्षांचा. उजाडायच्या आधी तुम्ही मला उठवलंत. गल्लीभर बांबूच्या घोड्यांवर ताणा पसरलेला, पांढरा, लांबच लांब, एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही असा. गाड्या अडलेल्या, बैल खाली बसलेले, आणि कुणी कुरकुर करत नाही, कारण गल्लीत सगळ्यांच्याच घरी माग. दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे घेऊन एका चालीनं पुढं सरकतायत. एकदा खळ लागली की थांबायचं नाही. ऊन चढायच्या आत कुंचा फिरून धागा न् धागा सुटा व्हायला पाहिजे, नाहीतर सूत सुताला चिकटतं आणि सगळा ताणा वाया. हे मला तेव्हाही माहीत होतं. आईची जागा मधोमध असायची. तुटलेला धागा दिसला की ती चालता चालता दोन बोटांनी जुळवायची आणि बोटं लुगड्याला पुसायची. त्या दिवशी तिथं काकू उभी होती. काकूनं धागा जुळवला आणि बोटं पुसली. तिनं मुद्दाम काही केलं नाही, बिचारी. पण मला ते सोसेना. माझा हात थांबला आणि हुंदका फुटला.

तुम्ही मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. चालता चालता म्हणालात, "खळ वाळतीया. आदी हे हातावेगळं करू. मग रड."

मी थांबलो की, अप्पा. हेच तुम्हाला कधी कळलं नाही. मला वाटलं, मग म्हणजे मग. तुम्ही सांगितलंय म्हणजे त्याचीही काहीतरी वेळ असणार. मी डोळे पुसले आणि कुंचा मारला. ताणा झाला, वाळला, गुंडाळला. सगळ्यांनी भाकरी खाल्ली. तुम्ही मागावर बसलात. मी तुमच्याजवळ येऊन उभा राहिलो. तुम्ही इकडून तिकडं पळणारा धोटा थांबवलात आणि विचारलंत, "काय रं? भूक ऱ्हायली?" मी म्हटलं, नाही. "मग जा की खेळायला." मी दाराशी जाऊन परत आलो. तुम्ही परत विचारलंत, "काय पायजे?" आता नऊ वर्षांच्या पोरानं काय सांगायचं? की तुम्ही मघाशी रडायला सांगितलं होतं, ते आता करू का?

पुढं काही दिवसांनी तुम्ही मला बूट आणलेत. कातड्याचे, नाडीचे, चालताना करकर वाजणारे. गल्लीत कुणाच्याच पोराच्या पायात बूट नव्हते. सगळे म्हणाले, बघा, आईवेगळ्या पोराला बाप किती जपतो. आणि मला त्या बुटांचा इतका राग यायचा की काय सांगू. राग यायचा, आणि एवढं महागाचं आणून दिलं तरी राग येतो म्हणून स्वतःचीच लाज वाटायची. दोन्ही घेऊन मी करकर करत शाळेत जायचो. मला वाटायचं, आपण मुळातच वाईट आहोत. हे असं वाटणं किती दिवस चाललं, हे विचारूच नका.

शाळेचं म्हणाल तर तिथंही फार वेगळं नव्हतं. तुम्ही मला मिशनच्या शाळेत इंग्रजीत घातलंत, कारण सुताच्या पेढीवरनं येणारं इंग्रजी पत्र वाचणारा घरात एक तरी पाहिजे. चांगलं केलंत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या मिसबाईंचं औषध एकच. राग आला, रडू आलं, काही आलं, की तोंड मिटायचं आणि मनात वन पासून टेनपर्यंत म्हणायचं. मी इतकं म्हटलंय की अजूनसुद्धा कुणी मोठ्यानं बोललं की माझं आपोआप सुरू होतं. घरी सांगायचे, नंतर. शाळेत सांगायचे, मनात. आता, इथं आणि मोठ्यानं, असं कुणीच म्हणालं नाही.

म्हणून मी हे काम अंगावर घेतलंय. दर रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात गल्लीतली पोरं जमवतो. मोठ्या कागदावर कोळशानं तोंडं काढलीयत, रागावलेलं, भ्यालेलं, रुसलेलं, खुशीतलं. पोरांना विचारतो, हे कोण? याला काय झालंय? तुला असं कधी होतं? तुम्ही असता तर हसला असता. दादा तर गल्लीत सगळ्यांना सांगतो, "धाकट्याला इंग्रजी शिकीवलं. आता त्यो कोळशानं तोंडं काढतोय." पहिल्या रविवारी मलाही वाटलं, मूर्खपणा आहे. रागावलेलं तोंड दाखवलं तर एकजण म्हणाला, "हे आमचं मालक." सगळा व्हरांडा हसायला लागला. मोमीनांचा एक पोरगा उठून म्हणाला, "मेरेकू गुस्सा आया तो मैं मुर्गी के पीछू दौडतौं." मी विचारलं, मग राग जातो का? तो म्हणाला, "मुर्गी जाती." मग आपल्या पलीकडच्या तेलुगू घरातला मुलगा, जो कधी बोलत नाही, तो कागदाजवळ आला आणि बराच वेळ बघून म्हणाला, "सर, हे चुकलंय. आमच्या नायनाला, म्हणजे वडिलांना, राग आला की तोंड असं होत नाही. काहीच होत नाही. जेवताना बोलत नाही, बस. आम्हाला त्याचीच भीती." सात-आठ वर्षांचं पोर, अप्पा. एवढं सगळं त्याच्या पोटात होतं आणि कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी दादाच्या हसण्याकडं लक्ष देत नाही.

पण घरातली पोरगी माझ्या व्हरांड्यात येईना. म्हणाली, "तुमची तोंडं बारक्या पोरांची हायत." बरं म्हटलं, मग तिला मिसबाईंचं औषध सांगितलं, माझ्याकडं दुसरं होतं तरी काय. म्हटलं, राग आला की आधी दहापर्यंत म्हणायचं. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी भावानं तिची वेणी ओढली. ती डोळे मिटून उभी राहिली, वन, टू, थ्री, सगळं नीट, टेनपर्यंत, आणि मग शांतपणे धोटा उचलून त्याच्या पाठीत घातला. मला म्हणाली, "म्हटलं की काका मी. दहा म्हणून झाल्यावर मारायचं न्हाय, असं तुमी कुटं सांगितलं हुतं?" आत्या म्हणाली, "आता इंग्रजीत मारायला लागली."

मग परवाचा ताणा. दादा पुढच्या टोकाला, मी कुंचा घेऊन डाव्या बाजूला, आत्या मधोमध धागे जुळवायला, आणि पोरीच्या हातात खळीची बादली, लागेल तशी पुढं द्यायला. निम्म्यावर आलो असू. पोरगी थांबली. म्हणाली, "मला न्हाय धरायची." दादानं तिच्याकडं न बघता म्हटलं, "खळ वाळतीया. आदी हे हुंदे, मग काय ते बघू." तोच आवाज, अप्पा. मला वाटलं तुम्हीच पुढं चाललायत. मी मान वळवून बघितलं तर पोरीनं बादली छातीपर्यंत उचललेली. आणखी एक क्षण गेला असता तर ती बादली ताण्यावर पडली असती आणि पोरगी त्याच दिवशी दुधनीच्या गाडीत बसली असती. मी कुंचा खाली ठेवला, तिच्या हातातली बादली घेतली आणि तिला धरून पलीकडच्या ओट्यावर नेलं. मागून आत्या ओरडतीय, "आरं, कुंचा ठिवून कुटं चाललास? येडा झालास काय?" गल्लीतली सगळी माणसं बघतायत. खळ लावता लावता कुणी ताणा सोडून गेलंय असं आपल्या गल्लीत कधी झालं नव्हतं.

ओट्यावर बसून मी म्हटलं, "बोल." ती बोलेना. मी म्हटलं, "नको बोलू, रड." तर म्हणाली, "रडू येत न्हाय. राग येतोय. तुमचा सगळ्यांचा." का? तर म्हणाली, "आई गेली तवा मला कुणी उठवलं न्हाय."

मला माहीतच नव्हतं हे. वहिनी गेली ती पहाटे, उजाडायच्या आत तिला नेलं, त्या धावपळीत पोरगी कुठं आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "तू लहान आहेस म्हणून..." तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "लहान? कांड्या भरताना लहान नसते व्हय मी? धाकटा रडत उठला, त्यानं बघितलं आईला. शेजारचे येऊन बघून गेले. मी कांड्या भरून दमले हुते, मला झोप लागली. उठले तर खोली धुऊन काढल्याली. बाळंतपणाला आल्याल्या आजीला इचारलं, मला का उठवलं न्हाय? तर म्हणली, आता इचारून काय हुतंय." एवढं बोलून तिनं माझ्या सदऱ्याची बाही दातात धरली आणि रडायला लागली. बाही सोडली नाही, आणि रडणंही थांबवलं नाही. मी इतकी पुस्तकं वाचलीयत, पण तेव्हा त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. आणि अप्पा, माझा हात तिच्या पाठीवर होता, पण डोळे तिच्या डोक्यावरनं ताण्याकडं जात होते. माझ्या बाजूला ऊन पोचलं होतं. मी बघत होतो, कुठंपर्यंत वाळलं.

माझी बाजू चिकटली. दादा सबंध दिवस धागे सोडवत बसला, तरी निम्मे तुटले. संध्याकाळी मला म्हणाला, "साहेब, ह्यो ताणा आता इंग्रजीत सोडवा." मी म्हटलं, सोडवतो, पण आधी ऐक. आणि पोरगी काय म्हणाली ते सांगितलं. तो बराच वेळ नखानं एकच धागा सोडवत राहिला. मग म्हणाला, "मीच म्हटलं हुतं, निजू द्या तिला. लई दमली हुती." आता तुम्ही सांगा, मी यावर भांडू कुणाशी? मायेनंच झोपू दिलं त्यानं. पण ते त्या पोरीला चार महिन्यांत एकदा तरी सांगायला काय झालं होतं? तुम्ही दोघंही तेच करता. आतली माया आतच ठेवता, आणि पोरं बाहेर वाट बघत उभी राहतात. माझा राग दुःखावर नाही, या गप बसण्यावर आहे. आणि ते बुटानं भरून निघत नाही.

मग आत्याशी बोलून दादानं ठरवलं की पुढचा ताणा होईपर्यंत बघायचं. पोरगी बादली घेऊन नीट उभी राहिली तर राहील इथंच, शाळेतही जाईल. नाही तर दुधनी. तो ताणा उद्या सकाळी आहे. आत्यानं आपलं गाठोडं बांधून ठेवलंय, आणि शेजारी पोरीचंही.

आज दिवेलागणीला पोरगी आपणहून दादासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी उभी ऱ्हाते. बादली खाली ठिवणार न्हाय. पण मला तितं रडू येतंय. आलं तर मी थांबवणार न्हाय. रडत रडत बादली धरते. चालंल काय?" आत्या लगेच म्हणाली, "नगं गं बाई. ताण्यावर डोळ्यातलं पाणी पडू नये. सूत तुटतंय." पोरगी म्हणाली, "तुमी बघितलंय तुटल्यालं?" आत्या म्हणाली, "बघाया कशाला पायजे? सांगत आल्यात." शेवटी दादा म्हणाला, "मला म्हाईत न्हाय. असं अजून कुणी केलंच न्हाय आपल्यात. सकाळी सांगतो." आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. अजून तिथंच आहे. मला वाटतं, तोही तुम्हालाच विचारतोय.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असता तर पेढीच्या पत्रांसारखं हेही मलाच तुमच्यापुढं बसून वाचावं लागलं असतं, आणि खरं सांगतो, तुमच्या तोंडावर यातली एक ओळही वाचायची माझी छाती झाली नसती. बुटांचं तर मुळीच नाही. तुम्ही नाही म्हणूनच मला एवढं बोलता येतंय, याचंही मला वाईट वाटतं.

पण एक गोष्ट मी तोंडावरसुद्धा विचारली असती, कारण ती तुमच्या कामातली आहे. खळीचं, सुताचं, हवेचं गल्लीतल्या कुणालाही काही अडलं की तो तुमच्याकडं यायचा, आणि तुम्ही कधी सांगोवांगीचं उत्तर दिलं नाहीत. बोटांवर ओढून बघायचात, मगच बोलायचात. तर उद्या उजाडायच्या आधी दादाला काहीतरी सांगावं लागणार आहे, आणि आत्या दुधनीच्या पहिल्या गाडीची वेळ विचारून बसलीय. पोरगी रडत रडत ताण्याबरोबर चालली, तर सूत तुटेल का, अप्पा? तुम्हाला काय वाटतं?